माझा प्रबंध, साहेबांच्या टेबलावर

विद्यापीठाची नोटीस मला गाडीत मिळाली. बडनेऱ्याहून निघालं की मधल्या पट्ट्यात मोबाइल मुका होतो आणि मूर्तिजापूर आलं की साचलेले सगळे मेल एकदम येऊन पडतात. त्या दिवशी एकच पडला. मी सादर केलेल्या लघुप्रबंधाचं याच अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या लघुप्रबंधाशी एक्क्याण्णव टक्के साम्य आढळलं आहे. त्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध माझ्या अकरा दिवस आधी सादर केला आहे. मी नक्कल केली नसल्यास सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा पदवी रोखण्यात येईल.

‘अन्यथा’ हा शब्द बावीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतः किती पत्रांत लिहिला असेल याचा हिशेब नाही. तो समोरच्याला कसा लागतो ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव नोटिशीत नव्हतं. ते ओळखायला मला पुढचं स्टेशनही लागलं नाही. माझा प्रबंध माझ्याखेरीज एकाच माणसाच्या हातात गेला होता. ते आमचे साहेब.

आधी थोडं मागचं सांगतो. माझं घर अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. जिल्ह्याच्या गावी असतात तसलं एक, लोकांचे अर्ज घेणारं आणि त्यांना उत्तरं देणारं. तिथे मी मुख्य लिपिक. विदर्भात आम्हाला ‘बडे बाबू’ म्हणतात. गेली नऊ वर्षं मी रोज ये-जा करतो. घरापासून बडनेरा स्कूटरने, तिथून गाडी, अकोल्याला उतरल्यावर ऑटो. जायला दोन तास, यायला दोन तास. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वीस तास, म्हणजे जवळपास एक पूर्ण दिवस मी दर आठवड्याला रुळांवर काढतो. अकोल्याला खोली करून राहिलो असतो, पण घरी आई आहे, आणि बायको तिवसा तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिलाही सकाळी उलट्या दिशेची बस धरायची असते. दोघांपैकी एकाने तरी संध्याकाळी वेळेवर घरात असावं, एवढीच आमच्या घराची मागणी होती, आणि ती नऊ वर्षं पुरी होत नव्हती.

यातून सुटायचा एकच रस्ता होता. आमच्या खात्याचं प्रशिक्षण केंद्र अमरावतीला आहे, माझ्या घरापासून स्कूटरने बारा मिनिटांवर. तिथे अनुभवी लिपिकांमधून प्रशिक्षक घेतात. अट अशी की लोकप्रशासन विषयात पदव्युत्तर पदवी हवी आणि तिच्यात किमान साठ टक्के गुण हवेत. म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं. दोन वर्षं, चार सत्रं, सोळा पेपर, सोळाशे गुण. विद्वान व्हायचं नव्हतं. मला घरी यायचं होतं.

अभ्यास गाडीतच झाला. रेंज जाते हे ठाऊक असल्याने व्याख्यानं आदल्या दिवशी उतरवून घ्यायचो. जाताना एक, येताना एक. शनिवार-रविवारी सकाळी दहा ते एक थेट वर्ग पडद्यावर असायचा आणि कॅमेरा चालू ठेवावा लागायचा. उपस्थिती पंचाहत्तर टक्के लागते, माझी शहाण्णव भरली. जे चार टक्के गेले ते आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे. विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप गट होता. त्यावर स्वाध्यायांची तयार उत्तरं यायची आणि लोक नाव बदलून ती पाठवायचे. मी तो गट दुसऱ्या आठवड्यात सोडला. यात मोठेपणा नाही. मला दुसऱ्याच्या अक्षरातला कागद माझा म्हणून पुढे पाठवताच येत नाही, तो स्वभाव आहे.

उलटं मात्र मला येत होतं. सगळी गडबड त्यातूनच झाली.

साहेब माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तीन वर्षांपूर्वी बदलून आले, अकोल्यातच जठारपेठेत भाड्याने राहतात. एकदा माझ्या टेबलावर पुस्तक पाहून थांबले.

“बडे बाबू, हे काय? परीक्षा-बिरीक्षा देताय की काय?”

मी सांगितलं.

“ऑनलाइन आहे? मग माझंही नाव टाका त्यात. पुढे कुठेतरी कामाला येईल.”

मी टाकलं. त्यांचा अर्ज मी भरला, फोटो मी चिकटवला, पासवर्ड मी तयार केला आणि तो त्यांना लिहूनही दिला. त्यांचे स्वाध्याय कुठून आले ते मला माहीत नाही, पण तो गट त्यांनी सोडला नव्हता एवढं माहीत आहे.

चौथ्या सत्रात लघुप्रबंध असतो. मी विषय घेतला तो हाताशी होता तो: नागरिकांचा अर्ज आमच्यासारख्या कार्यालयात आल्यापासून उत्तर जाईपर्यंत किती दिवस लागतात आणि ते नेमके कुठे लागतात. एका वर्षाचे सगळे अर्ज घेतले. प्रत्येक अर्जाच्या तीन तारखा काढल्या: आवक नोंदवहीत चढला ती, टिपणी होऊन साहेबांकडे गेला ती, आणि सही होऊन बाहेर पडला ती. जेवणाच्या सुटीत अभिलेख कक्षात बसून सात महिने हे केलं. डबा गाडीत खायचो. चारशे बारा अर्ज, अडतीस तावांवर हाताने उतरवलेले. निष्कर्ष निघाला तो मी सजवला नाही. सरासरी एकतीस दिवस लागत होते आणि त्यातले तेवीस दिवस अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर सहीसाठी पडून असायचा. नाव कुठेच घातलं नाही. एकेचाळिसाव्या पानावर ‘अधिकारी क्रमांक एक’ असं लिहिलं.

आणि मग मी तो प्रबंध साहेबांपुढे ठेवला.

ज्याने सरकारी टेबलावर काम केलेलं नाही त्याला हे समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे लिपिक लिहितो आणि अधिकारी सही करतो. मी मसुदा करायचा, डाव्या कोपऱ्यात बारीक आद्याक्षरं टाकायची, साहेबांनी उजवीकडे सही करायची. पत्र जातं ते साहेबांचं. त्यात माझं काहीच नसतं, आणि नसावंच अशी शिकवण आहे. बावीस वर्षांत माझ्या हातचं एकही पत्र साहेबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेलं नाही. प्रबंधात कार्यालयाची माहिती होती, म्हणून तो त्यांना दाखवावा असं मला वाटलं. वाटलं असंही म्हणता येणार नाही. हात आपोआप गेला. मी पानं छापली, फाइलच्या कव्हरात घातली, फ्लॅगची चिठ्ठी लावली आणि वर लिहिलं, ‘मा. अवलोकनार्थ सादर.’ साहेब म्हणाले, “मेलवर पण टाका, वाचायला बरं पडतं.” मेलवरही टाकलं.

पाच दिवसांनी फाइल परत आली. वर एक शब्द, ‘पाहिले’, आणि सही.

मी लगेच सादर केला असता तर हे काहीच झालं नसतं. पण शेवटचा ताळा घेताना जावक नोंदवहीशी माझे दोन अर्ज जुळेनात. माझ्याकडे चारशे बारा, तिकडे चारशे दहा. एवढ्याने निष्कर्ष बदलत नव्हता, पण मला झोप येईना. अकरा दिवस मी ते दोन अर्ज शोधत होतो. ते सापडले, सगळी कोष्टकं नव्याने केली आणि मग प्रबंध सादर केला. त्या अकरा दिवसांतल्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मुखपृष्ठ बदलून माझा प्रबंध आपल्या नावाने पाठवून दिला होता.

ऑफिसात पोचल्यावर मी पिशवीही टेबलावर ठेवली नाही. सरळ आत गेलो. साहेबांना तशीच नोटीस आली होती आणि तिची छापील प्रत त्यांच्यापुढे होती. त्यांचा चेहरा चोरासारखा असेल असं मला वाटलं होतं. तसा नव्हता. एखादं पत्र चुकीच्या पत्त्यावर गेल्यासारखा वैताग होता.

“या बडे बाबू. बघा काय भानगड करून ठेवलीय या सॉफ्टवेअरने.”

“साहेब, तो प्रबंध माझा होता.”

“अहो, तुमचाच आहे, मी कुठं नाही म्हणतोय? पण माहिती कुणाची? ऑफिसची. ऑफिस कुणाचं? मग दोघांचा अभ्यास झाला की नाही? संयुक्त अभ्यास. तसं लिहून टाकू, विषय संपला.”

“लघुप्रबंध संयुक्त चालत नाही. पुस्तिकेत आहे.”

“तुम्ही लई पुस्तिका वाचता. एक काम करा. तुमचा खुलासा लिहिताच आहात, तर माझाही ठेवा. म्हणजे दोन्ही जुळतील. उद्या सकाळी टेबलावर असू द्या.”

मी काय म्हणालो ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “हो साहेब.”

बाहेर येऊन टेबलावर बसलो. संगणक सुरू केला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय खुलासा सादर करण्यात येतो की,’ एवढं माझ्या बोटांनी टाइप केलं, ते माझ्या नव्हे, साहेबांच्या खुलाशात. माझ्या खुलाशाचा अजून पत्ता नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक पाहणाऱ्या ताई आहेत. त्या म्हणाल्या, “बडे बाबू, चहा थंडा होऊन राहिला. काय एवढं पाहून राहिले त्या पडद्यात?” मी चहा एका घोटात संपवला. दिवसभर दुसरी कामं केली आणि वर साहेबांचं नाव आणि खाली दीड ओळ असलेला तो कागद छापून पिशवीत घालून घरी आलो.

बायको अंजनगाव सुर्जीकडची, शेतकऱ्याच्या घरची. बोलायला सरळ. ती संध्याकाळी ओट्यापाशी भाजी निवडत होती. माझ्याकडे एकदा पाहिलं.

“काय जी, तोंड काहून असं झालं?”

मी सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. शेवटी म्हणाली, “त्याले कोणं देल्लं?”

“मीच दिलं.”

“काहून?”

“साहेब आहेत ते.”

“साहेब आहे मने! माह्या चवथीतल्या पोट्ट्या वही झाकून लिवतात. एवढुश्या पोट्ट्या! अन् तुमी फाइलीत घालून, वरतून फ्लॅग लावून नेऊन देल्लं!”

“तसं नाही ते. पद्धत असते.”

“मंग हे काय हाये?” तिने पिशवीतून डोकावणारा कागद ओढला आणि वाचला. तिला कळायला वेळ लागला नाही. “त्याचा खुलासा? चोरी केली त्यानं, अन् सफाई बी तुमीच लिहून देऊन राहिले त्याले?”

आत आई होती, म्हणून आवाज खाली ठेवून बोलत होती. तिने कागद घडी न करता माझ्यापुढे ठेवला.

“नऊ वर्सं झाले, मी एकटीच हे घर पाहून राहिली. तुमी आज येता, उद्या येता, पदवी झाली का येता. मी काही म्हटलं? शनवार-इतवार त्या डबड्यापुढे बसता, तवाबी म्हटलं नाही. पण तुमाले घरी यायचंच नसंल तर तसं सांगा. साहेबाले देऊन टाका सारं.”

राग मला सकाळपासून होता, पण तो साहेबांवर आहे असं मी धरून चाललो होतो. तिने बोलून झाल्यावर कळलं की त्यातला मोठा वाटा माझ्यावरचा आहे. त्या माणसाने माझं कपाट फोडलं नव्हतं. मीच प्रबंध त्याच्यापुढे नेऊन ठेवला होता, आणि झालेली चोरी मलाच झाकायला सांगितली तेव्हा ‘हो साहेब’ म्हणालो होतो. विद्यार्थी पुस्तिकेतलं चौदावं कलम मी दोन वर्षांपूर्वीच पेनाने अधोरेखित केलं होतं: सादर करण्यापूर्वी आपलं काम अन्य विद्यार्थ्यास उपलब्ध करून देणारा विद्यार्थीही दोषी धरला जाईल. वाचलं होतं, पाठ होतं. साहेब ‘अन्य विद्यार्थी’ आहेत हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांचा अर्ज मी स्वतः भरूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी आत गेलो तेव्हा साहेबांनी मान वर न करता हात पुढे केला.

“आणलंत?”

“नाही साहेब. हा मसुदा मी ठेवणार नाही.”

आता त्यांनी मान वर केली. “म्हणजे?”

“तुमचा खुलासा तुम्ही लिहा. माझा मी काल रात्री लिहिला आणि पाठवला.”

“काय लिहिलंत?”

“मी केलं आणि मीच तुम्हाला दिलं. एवढंच.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, “बडे बाबू, तुमचा गोपनीय अहवाल मी लिहितो, हे विसरू नका.”

माझ्या तोंडून निघालं, “लिहा साहेब. आजवर त्याचाही मसुदा मीच ठेवत होतो. या वर्षी तोही ठेवणार नाही.”

हे खरं आहे. तीन वर्षं माझा स्वतःचा गोपनीय अहवाल मी टाइप करून ठेवायचो आणि ते सही करायचे. मी स्वतःला दर वर्षी ‘चांगला’ असं लिहायचो. ‘अत्युत्कृष्ट’ लिहायचा धीर झाला नाही.

बाहेर येऊन आधी पाणी प्यायलो. धैर्य वगैरे नव्हतं ते. अकोल्याहून परत येताना बसायला जागा असूनही मी दारापाशी उभा होतो आणि माझं मलाच बोलून राहिलो होतो, साहेबांना द्यायची होती ती सगळी उत्तरं.

सुनावणी एका शनिवारी सकाळी अकरा वाजता पडद्यावर झाली. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि अडतीस ताव क्रमाने लावून शेजारी ठेवले. बायको पोळ्या लाटत होती. तिला मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला सांगितलं, तिने लोटलं नाही. पडद्यावर चार चौकोन होते: विद्यापीठाच्या एक प्राध्यापक बाई, परीक्षा विभागाचे एक गृहस्थ, साहेब आणि मी. साहेब जठारपेठेतल्या घरातून बोलत होते, मागे देवघर दिसत होतं.

साहेबांनी संयुक्त अभ्यासाचंच पुढे केलं. संकल्पना आपली, आकडेमोड कर्मचाऱ्याची. ‘कर्मचारी’ म्हणजे मी. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “दोन्ही प्रबंधांत एक फरक आहे. तुमच्यात एकूण अर्ज चारशे बारा, यांच्यात चारशे दहा. असं का?”

साहेब म्हणाले, “टायपिंगची चूक असेल. त्यांच्याकडून.”

बाईंनी मला विचारलं. मी चोविसावा ताव कॅमेऱ्यापुढे धरला. एका म्हाताऱ्या बाईने एकच अर्ज तीनदा दिला होता, कारण पहिल्याचं उत्तर आलं नाही. आमच्याकडे तिन्ही वेळा त्यावर नवा आवक शिक्का पडला. उत्तर गेलं ते एकच. म्हणून तीनचा एक धरला, दोन कमी झाले. “हे शोधायला अकरा दिवस लागले,” मी म्हणालो, “म्हणून मला उशीर झाला.”

परीक्षा विभागाचे गृहस्थ काहीतरी लिहून घेत होते. बाईंनी पान उलटलं.

“आता हे पान एकेचाळीस,” त्या साहेबांना म्हणाल्या. “तुमच्या प्रबंधात लिहिलंय की अधिकारी क्रमांक एक यांच्या टेबलावर अर्ज सरासरी तेवीस दिवस सहीविना राहतो आणि या विलंबाचं कोणतंही कारण नोंदवलेलं आढळत नाही. हे अधिकारी क्रमांक एक कोण?”

मला चौकोनात दिसत होतं, साहेब पान शोधत होते.

“ते... असे एक वरिष्ठ आहेत,” ते म्हणाले. “जुने. थोडे ढिले आहेत.”

स्वयंपाकघरात लाटणं पडल्याचा आवाज आला. मी मान खाली घातली. हसू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला तेव्हा चीड आली, इतकी की कान तापले. ज्याच्यासाठी मी सात महिने सुटीतला घास गाडीत गिळला होता, ते त्या माणसाने वाचलंसुद्धा नव्हतं. चोरायच्या आधी निदान वाचायचं तरी!

बाईंनी मला विचारलं, “आणि तुम्ही? अधिकारी क्रमांक एक कोण?”

“मॅडम, नाव मी प्रबंधात घातलं नाही, इथंही घालत नाही. पण त्या वर्षी त्या टेबलावर एकच अधिकारी होते.”

शेवटी त्यांनी मला सरळ प्रश्न केला. “सादर करण्यापूर्वी तुम्ही हे यांना दिलं होतं का?”

“हो. दिलं होतं.”

“का?”

याचं खरं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही. मी म्हणालो, “मागितल्यावर देत आलो म्हणून.” त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

निर्णय तीन आठवड्यांनी आला. साहेबांचा प्रबंध रद्द; पुढच्या सत्रात नव्या विषयावर पुन्हा सादर करण्याची मुभा. माझा प्रबंध ग्राह्य, अठ्ठ्याहत्तर गुण, त्यातून चौदाव्या कलमाप्रमाणे वीस वजा. अठ्ठावन्न.

माझी एकूण बेरीज नऊशे एक्कावन्न आली. सोळाशेपैकी एकोणसाठ पूर्णांक चव्वेचाळीस टक्के. वीस गुण कापले नसते तर साठ पूर्णांक एकोणसत्तर. हे गणित मी चार वेळा केलं, जसं काही पाचव्यांदा वेगळं येईल. साठ टक्क्यांना नऊ गुण कमी. प्रशिक्षण केंद्रात चौकशी केली, तिथल्या बाबूने आदराने बसवून चहा दिला आणि सांगितलं की साठ म्हणजे साठ, एकोणसाठला साठ करायचा अधिकार कुणालाच नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच सांगितलं असतं. त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना, आणि तो राग कुठेच बाहेर न पडता माझ्याबरोबर घरी आला.

नियमाप्रमाणे मला शिक्षा बरोबर झाली. हे मी कुणी विचारलं तर कबूल करतो. पण देणाऱ्याचं घर दोन तास लांबच राहिलं आणि घेणाऱ्याला नवी मुदत मिळाली, या नियमाला मी बरोबर म्हणणार नाही. मागणारा सही करणारा असेल तेव्हा देणाऱ्याने काय करायचं, हे त्या चौदाव्या कलमात कुठेच लिहिलेलं नाही. सोळा पेपरांत उत्तरदायित्वावर एक अख्खा पेपर होता. त्यातही नव्हतं.

त्यानंतर महिन्याभराने एका दुपारी ताईंच्या पडद्याकडे माझी नजर गेली. ‘प्रकरण दुसरे: संशोधनाची उद्दिष्टे.’

“ताई, हे काय?”

त्या वळल्या नाहीत. “साहेबांचं हाये. नवा विषय देल्ला त्यायले.”

“ते त्यांना लिहू द्या.”

“बडे बाबू, तुमचं ठीक हाये.” त्यांचा आवाज अगदी खाली होता. “माह्या बदलीची फाइल त्यायच्या टेबलावर हाये. दोन महिने झाले. मी काय म्हणू त्यायले? घरी पोळ्या लाटायच्या हायेत, येळ नाही मने?”

त्या विद्यार्थी नव्हत्या. त्यांना कोणतंच कलम लागणार नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि आत जाऊन ती बदलीची फाइल साहेबांपुढे आपटायची होती. यातलं काहीच केलं नाही. फक्त एक केलं. त्यांच्या फाइलीवर स्मरणपत्राची टिपणी लिहिली, दोन महिन्यांच्या तारखा घातल्या आणि डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरांऐवजी माझं नाव पूर्ण लिहून खाली सही केली. मग स्वतः आत नेऊन ठेवली. साहेबांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ताईंची बदली अजून झालेली नाही. त्यांचं टायपिंगही थांबलेलं नाही.

विद्यापीठात गुणसुधारणेसाठी एका वर्षाच्या आत दोन पेपर पुन्हा देता येतात. प्रशासकीय कायद्यात मला सत्तेचाळीस आहेत, तो सगळ्यात कमी. तो निवडला. अर्ज भरत होतो तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली.

“किती पायजेत?”

“नऊ.”

“नऊच ना? मंग काढा.” आणि परत वळताना, “पण या खेपेले वही झाकून.”

मला हसू आलं नाही, तिलाही आलं नाही. सोमवारपासून गाडीत पुन्हा व्याख्यान लावतो. पहिला धडा अधिकार सोपवण्यावर आहे. बोलणारे प्राध्यापक सांगतात की अधिकार सोपवता येतो, जबाबदारी सोपवता येत नाही. ते वाक्य मी रोज ऐकतो आणि रोज डोकं तापतं.